मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा

जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. येत्या जूनमध्ये त्या पहिल्यांदाच त्याच्याकडे जाणार आहेत. त्याने पाठवलेल्या तिकिटाची छापील प्रत हातात घेऊन त्या एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, हे तिकीट चुकलंय बघा." मुंबईहून विमान रात्री दीड वाजता सुटणार होते आणि त्याच दिवशी सकाळी आठ वाजता न्यूयॉर्कला उतरणार होते, म्हणजे साडेसहा तासांत. नोव्हेंबरातले परतीचे विमान मात्र न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मुंबईत पोहोचणार होते, म्हणजे साडेचोवीस तासांनी. त्यातच खाली बारीक अक्षरांत प्रवासाचा कालावधी जाताना 16 तास आणि येताना 14 तास असा छापलेला होता, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला होता. "साडेसहा तासांत तर वंदे भारत मला सोलापूरहून मुंबईला नेते. तेवढ्यात अमेरिका कशी येईल? आणि रस्ता तोच असेल, तर जायला आणि यायला वेगळा वेळ का?"

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि तरीही हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने मला कोणी विचारला नव्हता. त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. दोन शहरांमधले अंतर किती, हा पहिला; ते अंतर कापायला विमानाला किती वेळ लागतो, हा दुसरा; आणि तेवढ्या वेळात दोन्हीकडची घड्याळे काय दाखवतात, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर पृथ्वीचा आकार देतो आणि ते कधी बदलत नाही. दुसऱ्याचे उत्तर वारा देतो आणि ते रोज बदलते. तिसऱ्याचे उत्तर माणसांनी आपसांत ठरवून घेतलेले आहे.

अंतराची सुरुवात आपल्याच गावापासून करू. सोलापूर ते मुंबई किती, असे विचारले तर रेल्वेने जाणारा माणूस 455 किलोमीटर सांगेल, कारण गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे करत बोरघाट उतरून जाते. पण होटगी रस्त्यावरच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली, तर ती सुमारे 360 किलोमीटर भरते. उरलेले जवळपास 95 किलोमीटर रुळांच्या वळणांचे, म्हणजे जमिनीवरच्या अडचणींचे आहेत. आकाशात घाट नाहीत, नद्या नाहीत, तेव्हा विमान सरळ जाईल असे आपण गृहीत धरतो, आणि ते बरोबरही आहे. प्रश्न इतकाच आहे, की गोल पृथ्वीवर "सरळ" कशाला म्हणायचे.

काकूंना हे समजावण्यासाठी मी कपाटातला जुना पृथ्वीगोल काढला. त्याचा व्यास 30 सेंटिमीटर आहे, म्हणजे त्याच्यावरचा एक सेंटिमीटर हा खऱ्या पृथ्वीवरच्या सुमारे 425 किलोमीटरांएवढा होतो. काकूंच्या घरचा टॉवेलचा कारखाना आहे, त्यामुळे त्यांच्याकडे सुताला तोटा नाही. त्यांनी घरून कोनावरचे हातभर सूत तोडून आणले. आधी आम्ही भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि न्यूयॉर्क जोडणारी रेघ पाहिली. ही रेघ अरबी समुद्र ओलांडून सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को अशी वाळवंटांवरून जाते आणि मग अटलांटिक महासागर पार करते. तोच मार्ग पृथ्वीगोलावर सूत टेकवत टेकवत मोजला, तेव्हा तेहेतीस सेंटिमीटरांहून थोडे अधिक सूत लागले. मग मी काकूंना सांगितले, की आता नकाशा विसरा, सुताचे एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरे न्यूयॉर्कवर ठेवा आणि सूत हळूहळू ताणत जा. ताण पडू लागला तसे ते सूत वाळवंटांवरून आपोआप उत्तरेकडे घसरत गेले आणि जिथे स्थिरावले, तिथे काकू वाकून देशांची नावे वाचू लागल्या: सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोचा परिसर, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, मग आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्रॅडॉर आणि शेवटी न्यूयॉर्क. सूत मोजले, तर ते साडेएकोणतीस सेंटिमीटर भरले. जवळपास चार सेंटिमीटर सूत वाचले होते, म्हणजे खऱ्या पृथ्वीवरचे सुमारे 1,700 किलोमीटर.

गोलावर ताणलेले सूत ज्या रेषेवर स्थिरावते, ती रेषा म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारा काप घेतला, तर पृष्ठभागावर जे मोठ्यात मोठे वर्तुळ उमटते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळून बृहद्वृत्त होते, पण विषुववृत्त सोडून बाकीची अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नाहीत. ती ध्रुवांकडे लहान होत जातात आणि म्हणूनच त्यांना धरून पूर्व-पश्चिम जाणे लांबचे पडते. सपाट नकाशा हा मुळात गोलाची साल सोलून, ओढून ताणून भिंतीवर ठोकलेली वस्तू आहे. विषुववृत्ताजवळ त्यात फारसे बिघडत नाही, पण उत्तरेकडे जावे तसा ताण वाढतो आणि ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसू लागतो. विमानातल्या पडद्यावर मार्ग कमानीसारखा वाकलेला दिसतो, तेव्हा वाकडा असतो तो नकाशा; विमान सरळच चाललेले असते. मुंबई-न्यूयॉर्कची ही रेषा आपल्या सर्वोच्च बिंदूला सुमारे 65 उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचते, आणि उत्तर ध्रुववृत्त साडेसहासष्टवर आहे. सोलापूरच्या माणसाला अमेरिका "पश्चिमेला" वाटते, पण तिथे जायचा सर्वांत जवळचा रस्ता मुंबईतून निघताना जवळजवळ उत्तरेकडे तोंड करून निघतो.

अंतर मोजायला सूतच पाहिजे असे नाही. मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पृथ्वीच्या केंद्राशी जोडणाऱ्या दोन रेषा कल्पिल्या, तर त्यांच्यामधला कोन 112.7 अंशांचा होतो. बृहद्वृत्तावरचा एक अंश म्हणजे सुमारे 111.2 किलोमीटर. दोहोंचा गुणाकार 12,530 किलोमीटर. वैमानिक आणि खलाशी अजूनही सागरी मैल वापरतात त्याचे कारण हेच आहे: अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट आणि एका मिनिटाचे अंतर म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. कोन कळला की अंतर कळले.

इथे काकूंनी विचारले, की विमान इतक्या उंचावरून जाते, मग उंचीचे अंतर वेगळे धरायचे नाही का? लांबच्या प्रवासात विमान साधारण 10 ते 12 किलोमीटर उंचीवर असते. आमच्या पृथ्वीगोलावर ही उंची पाव मिलिमीटर होते, म्हणजे त्या सुताच्या जाडीएवढीसुद्धा धड नाही. त्या उंचीमुळे सबंध प्रवासात जेमतेम वीस-बावीस किलोमीटर वाढतात. आपण "आकाशात" गेलो असे म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात पृथ्वीच्या अंगाला चिकटूनच चाललेलो असतो.

आता वेळ. आजची मोठी प्रवासी विमाने हवेत ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने चालतात. 12,530 ला 900 ने भागले, तर चौदा तासांना थोडे कमी येतात. हा वेग गेल्या साठ-पासष्ट वर्षांत फारसा वाढलेला नाही. 1958 मध्ये बोइंग 707 नियमित सेवेत आले, तेव्हापासून प्रवासी जेट विमाने साधारण याच वेगाने उडत आहेत. कारण ध्वनीच्या वेगात आहे. इतक्या उंचीवर तापमान उणे 50 अंशांच्याही खाली असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,060 किलोमीटर इतका उतरतो. विमान त्या वेगाच्या जवळ जाऊ लागले की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन अवाच्या सवा जळू लागते, म्हणून ध्वनिवेगाच्या सुमारे 85 टक्क्यांवर थांबणे परवडते. काँकॉर्ड हे विमान ती मर्यादा ओलांडून लंडन-न्यूयॉर्क अंतर साडेतीन तासांच्या आसपास कापत असे, पण ते महागात पडत होते आणि 2003 मध्ये त्याची सेवा बंद झाली.

त्याआधीच्या काळात वेळ खाणारी गोष्ट वेगाइतकीच थांबे ही होती. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे "मलबार प्रिन्सेस" हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत गेले. विमाने अधिक इंधन घेऊन अधिक लांब उडू लागली, तसे हे थांबे गळाले. एसटीचा लाल डबा आणि विनाथांबा गाडी यांच्यातला फरक ज्याने अनुभवला आहे, त्याला यात वेगळे सांगायला नको.

चौदा तासांचा हिशेब झाला, तरी तिकीट जाताना सोळा सांगते. मधले दोन तास कुठे गेले, हे पाहण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी हात वर करून तो मांडतोच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. सोलापूरच्या अक्षांशावर या फिरण्याचा वेग ताशी सुमारे 1,590 किलोमीटर आहे, म्हणजे विमानापेक्षा कितीतरी जास्त. मग विमान नुसते वर जाऊन थांबले, तर खालची पृथ्वी फिरून न्यूयॉर्क आपोआप पायाखाली यायला नको का? नको, कारण पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि हवेतले विमानही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या डब्यात बसून आपण लिंबू वर उडवले, तर ते मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, आपल्याच हातात परत येते. गाडीचा वेग लिंबाला आधीच मिळालेला असतो. विमानालाही तो जमिनीवर उभे असतानाच मिळालेला असतो, त्यामुळे पश्चिमेला जाताना पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा होत नाही आणि पूर्वेला येताना तोटाही होत नाही.

खरा फरक वारा करतो. विमानाचा ताशी 900 किलोमीटर हा वेग त्याच्या भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, आणि ती हवाच जर कुठे निघालेली असेल, तर विमान तिच्याबरोबर वाहते. भीमेच्या प्रवाहात होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. दोन्ही हात तितकेच चालतात, पण काठावरचे झाड प्रवाहाबरोबर जाताना भराभर मागे पडते आणि उलट जाताना हलता हलत नाही.

विमाने ज्या उंचीवरून जातात, त्या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह किंवा झोतवारे म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि ध्रुवांकडची गारठलेली असते, त्यामुळे वरच्या थरांत हवा उष्ण प्रदेशाकडून थंड प्रदेशाकडे ढकलली जाते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ती वळून पूर्वेकडे वाहू लागते. तापमानातला फरक जिथे तीव्र असतो, तिथे हा वारा अरुंद पट्ट्यात एकवटतो. पृथ्वीच्या फिरण्याचा प्रवासाच्या वेळेशी संबंध लागतो तो असा, वाऱ्याच्या वाटेने. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे आणि हिवाळ्यात तो याच्याही बराच पुढे जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांच्या नोंदी घेतल्या होत्या. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांटो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्यांनाच येणाऱ्या भाषेत प्रसिद्ध केला आणि जगाचे त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. भारताच्या डोक्यावर पावसाळ्यात याच्या उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोतवारा असतो. त्याचा अभ्यास पी. कोटेश्वरम् या भारतीय शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात मांडला. आपल्या मोसमी पावसाशी त्याचे जवळचे नाते आहे. पण अमेरिकेच्या वाटेवरचा बहुतेक प्रवास त्याच्या पट्ट्याबाहेर होतो, आणि तिथे सत्ता पश्चिमी वाऱ्यांची असते.

आकड्यांत पाहू. समजा, सबंध मार्गावर सरासरी ताशी 60 किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो समोरून येतो, तेव्हा जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग 840 उरतो आणि 12,530 किलोमीटरला जवळपास पंधरा तास लागतात. येताना तोच वारा पाठीमागून येतो, वेग 960 होतो आणि तेरा तासांत काम होते. वारा एकच, पण दोन प्रवासांत दोन तासांचा फरक. यात आणखी एक बारकावा आहे, जो मला स्वतःला फार आवडतो. समोरचा वारा जितकी मिनिटे खातो, तितकी मिनिटे पाठीमागचा वारा परत देत नाही. वरच्या हिशेबात जाताना सुमारे साठ मिनिटे जास्त लागतात, तर येताना बावन्नच वाचतात. कारण सोपे आहे: समोरचा वारा असताना विमान हळू जाते, म्हणून त्या वाऱ्यात अधिक वेळ राहते, मागचा वारा असताना ते लवकर निसटते, म्हणून त्याचा फायदा कमी वेळ मिळतो. होटगी रस्त्याने सायकलवर वारा खात जाणाऱ्या आणि वाऱ्याबरोबर परतणाऱ्या माणसाचा हिशेबही असाच कधी पुरा जुळत नाही.

वाऱ्याचे बळ किती असू शकते, याचे एक ठळक उदाहरण फेब्रुवारी 2020 मधले आहे. उत्तर अटलांटिकवर वादळ घोंघावत होते आणि ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचले. या प्रवासाला एरवी साडेसहा-सात तास लागतात. वाटेत जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरांच्या वर गेला होता, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षाही अधिक. तरीही त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नाही, कारण ती मर्यादा भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजायची असते आणि ती हवाच त्याला पाठीवर घेऊन धावत होती.

दुसरे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकच्या बाजूने करत असे, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेले. हा रस्ता सुमारे 15,300 किलोमीटरांचा, म्हणजे 1,400 किलोमीटर लांबचा होता. तरीही विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचले, जुन्या मार्गापेक्षा जवळपास दोन तास आधी. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी 1,055 किलोमीटर येतो. रस्ता लांबचा आणि प्रवास लवकरचा, हे ऐकायला विसंगत वाटते, पण वारा हिशेबात धरला की त्यात विसंगत काही उरत नाही. म्हणूनच विमान कंपनीतला मार्ग आखणारा माणूस कमीत कमी अंतराचा मार्ग शोधत बसत नाही. तो त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज समोर ठेवून कमीत कमी वेळेचा आणि इंधनाचा मार्ग शोधतो. उत्तर अटलांटिकवर तर विमानांच्या समांतर वाटा रोज नव्याने आखल्या जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या वेगळ्या आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांच्या वेगळ्या. आजची वाट उद्या असेलच असे नाही.

वाऱ्यानंतर येतात ते खालचे देश. 1944 च्या शिकागो करारात प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण अधिकार मान्य केलेला आहे, त्यामुळे ताणलेल्या सुताखाली आलेला प्रत्येक देश आपली हवाई हद्द वापरू देतो की नाही, यावरही वेळ ठरते. पाकिस्तानची हवाई हद्द फेब्रुवारी 2019 पासून त्या वर्षीच्या जुलैपर्यंत बंद होती आणि एप्रिल 2025 मध्ये ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद करण्यात आली. याचा फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अधिक बसतो, कारण त्यांना आधी दक्षिणेकडे उतरून अरबी समुद्रावर यावे लागते. मुंबईच्या पुढ्यात समुद्र आधीपासूनच आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाची हद्द युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झाली आणि युद्धभूमीवरून जाण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्या ठिकाणी खाली क्षेपणास्त्रे उडत आहेत, तिथून वळसा घेणे शहाणपणाचे आहे आणि त्यापायी प्रवाशाचा तास-दोन तास गेला, तर त्याबद्दल कुरकुर करू नये असे मला मनापासून वाटते.

काकूंच्या विमानालाही असा वळसा पडून मार्ग 13,400 किलोमीटरांचा झाला, असे आम्ही धरून चाललो. त्याला 840 ने भागले तर सोळा तास आले आणि 960 ने भागले तर चौदा. तिकिटावरचे दोन्ही आकडे समोर उभे राहिले, तेव्हा काकूंनी कागदावरचा भागाकार स्वतः पुन्हा करून पाहिला.

प्रत्यक्षात कंपन्या तिकिटावर जो कालावधी छापतात, तो विमान गेटपासून हलल्यापासून दुसरीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, खाली उतरणे हे सगळे त्यात येते. लांबच्या प्रवासात हा वेळ फारसा जाणवत नाही, पण जवळच्या प्रवासात तोच मोठा असतो. सोलापूर-मुंबई 360 किलोमीटरांना ताशी 900 ने भागले तर 24 मिनिटे येतात, तरी विमानाला तासाभराचा वेळ धरावा लागतो, कारण पूर्ण वेग आणि पूर्ण उंची गाठेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते.

राहिला घड्याळांचा प्रश्न. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. आपल्याकडचे घड्याळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्ताप्रमाणे लावलेले आहे, आणि सोलापूर सुमारे 75 अंश 54 मिनिटांवर आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा घड्याळात सरासरी 12 वाजून 26 मिनिटे झालेली असतात. न्यूयॉर्क सुमारे 74 अंश पश्चिमेला आहे. दोन्हींची बेरीज करून चाराने गुणले, तर सोलापूर आणि न्यूयॉर्क यांच्या सूर्यांत जवळपास बरोबर दहा तासांचे अंतर निघते. घड्याळे मात्र दहा तास कधीच दाखवत नाहीत. उन्हाळ्याच्या दिवसांत अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा असतो, आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा.

जूनमध्ये फरक साडेनऊ तासांचा. काकूंचे विमान मुंबईहून रात्री दीडला निघेल, सोळा तासांनी मुंबईत संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, त्यातून साडेनऊ तास वजा केले की न्यूयॉर्कची सकाळी आठची वेळ येते. साडेसहा तासांचे कोडे इथे सुटले: विमान सूर्याच्या मागे मागे पळत गेले, म्हणून दिवस लांबला. याच नियमाने दिल्लीहून पॅसिफिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले ते विमान साडेचौदा तास उडूनही घड्याळाप्रमाणे दोनच तासांनी उतरले, आणि तेही त्याच तारखेला, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना त्याने एक तारीख मागे घेतली.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब याहून मोठा होतो. सोलापूरहून मुंबईपर्यंत साडेसहा तास, स्टेशनवरून विमानतळ, तिथे किमान तीन तास आधी पोहोचणे, सोळा तास विमानात, पलीकडे तपासणी आणि न्यू जर्सीपर्यंत मोटारीने. सगळे धरून तीस तासांच्या खाली काही येत नाही. काकूंना मी तोच आकडा मनात धरायला सांगितला, कारण पाय सुजतात ते या तीस तासांत, घड्याळातल्या साडेसहांत नव्हे.

दोन दिवसांनी काकू पुन्हा आल्या. परतीचा हिशेब त्यांनी स्वतः करून पाहिला होता. सकाळच्या साडेअकरात चौदा तास मिळवले, त्यात साडेनऊ मिळवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा यायला हवे होते, आणि तिकिटावर दुपारचे बारा होते. "सर, एक तास जास्तीचा निघतोय." हिशेब चोख होता, फक्त तारीख पाहायची राहिली होती. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. काकूंचे परतीचे तिकीट नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातले आहे, त्यामुळे मिळवायचे ते साडेनऊ नाहीत, साडेदहा. त्यांनी तिथेच बोटांवर पुन्हा मोजले आणि बारा आल्यावर मुलाला फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ होत होते, इकडे संध्याकाळचे सात. "अरे, मी बारालाच उतरणार आहे. मला मुंबईत घाई नको करायला, रात्रीच्या सिद्धेश्वरचं आरक्षण बघ."